माजघर, ६४००

आत्याला फोटो दिला तेव्हा तिनं आधी पदरानं चष्मा पुसला, मग फोटो हातभर लांब धरला, मग नाकापाशी आणला आणि म्हणाली, "अगं, एवढा उजेड कुठं होता आपल्या माजघरात?" पुढं काही बोलली नाही. फोटो उशीखाली सरकवला आणि पुन्हा वाती वळायला लागली. मी चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले, छत्री उघडून बाहेर पडले. जुन्या नाशकातल्या तिवंध्याकडून रविवार कारंजापर्यंत चालत आले, रिक्षा केली, आणि गंगापूर रोडला घरी पोचेपर्यंत डोक्यात तेच घोळत राहिलं. रागानं म्हणाली नव्हती, हसूनही नाही. नुसता प्रश्न. आणि त्याचं उत्तर मला पक्कं ठाऊक होतं, की नव्हताच.

फोटो तसा वाईट नव्हता. आषाढातली दुपार, बाहेर धो धो पाऊस, त्यात लाइट गेलेली. आत्या सागवानी खांबाला टेकून बसली होती. मांडीवर कापसाचा पुंजका, शेजारी वाटीत चमचाभर दूध, पुढ्यात स्टीलच्या ताटलीत वळून झालेल्या फुलवाती. बोट दुधात टेकवायचं, कापसाचं टोक चिमटीत धरून पीळ द्यायचा, ताटलीत उभी करायची, दुसरी घ्यायची. नजर भलतीकडेच, बहुधा चौकात पागोळ्यांखाली ठेवलेल्या बादलीकडे. हात आपले आपण काम करत होते. मी दोन-तीनदा क्लिक केलं. घरी येऊन संगणकावर बघितलं तर आत्या लख्ख. कपाळावरच्या आठ्या मोजून घ्याव्यात इतकी लख्ख. मागची भिंत दिसतेय, भिंतीतला कोनाडा दिसतोय, कोनाड्यातली तेलाची बाटली दिसतेय. तेव्हा खुश होऊन मी लगेच प्रिंट काढून आणली होती. आता त्याच फाइलची माहिती उघडून बसले. एफ १.८, म्हणजे लेन्सचं छिद्र किती उघडं ते, शटर १/६० सेकंद, आणि आयएसओ ६४००, म्हणजे आत आलेला उजेड किती वाढवून दाखवायचा तो आकडा. यातलं एफ १.८ तेवढं मी ठरवलेलं. बाकीचं कॅमेऱ्यानं परस्पर उरकलं होतं.

म्हणजे उजेड कॅमेऱ्यानं आणला होता. मला न विचारता.

खरं तर न विचारता म्हणणंही अन्यायाचं. तीन वर्षांपूर्वी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, मी हौसेनं कॅमेरा घेतला, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या मुलानं तो हातात घेऊन भराभर बटणं दाबली होती. "काकू, ऑटो आयएसओ लावून देतो. मग तुम्हाला काही बघायलाच नको." बघण्यासाठीच घेतलेल्या वस्तूबद्दल हे वाक्य किती विनोदी आहे, ते तेव्हा लक्षात आलं नाही. उलट जिवाला हायसं वाटलं. छिद्र किती उघडायचं, शटर किती वेळ उघडं ठेवायचं, या दोन गोष्टींतच माझी दमछाक होत होती. तिसरीची जबाबदारी कुणी घेत असेल तर घेवो बापडा.

तो नेमकं काय करतो हे कळायला मात्र बरेच महिने गेले. ऑटो आयएसओ आपल्याकडून आधीच दोन-तीन गोष्टी कबूल करून घेतो. जास्तीत जास्त कुठपर्यंत चढू, आणि शटर कुठल्या वेगाच्या खाली जाऊ द्यायचं नाही. माझ्याकडे ६४०० आणि १/६०. आता मी छिद्र ठरवून दिलं की भरपूर उजेडात तो १०० वर शांत बसून असतो. उजेड कमी होऊ लागला की आधी शटर हळू करत जातो, १/५००, १/२५०, १/१२५. १/६० ला पोचला की थांबतो, कारण त्याच्याखाली हात हलल्याचं फोटोत दिसेल असं आपण त्याला सांगून ठेवलंय. मग तो आयएसओ चढवायला घेतो, आणि ६४०० लाही भागलं नाही तर नाइलाजानं शटरची मर्यादा मोडतो. हा सगळा विचार माझं बोट बटणावर अर्धं दाबलेलं असताना होतो. आत्याच्या माजघरात तो पार शेवटच्या पायरीवर उभा होता.

आयएसओ म्हणजे काय, हे मी एकदा आत्यालाच समजावायला गेले होते. वेगवेगळे दाखले देऊन पाहिले, शेवटी ताकावर गाडी आली. घरात ताक दोन भांडी आणि पाहुणे आठ. काय करायचं? "पाणी घालायचं," आत्या तत्काळ म्हणाली. आठही भांडी काठोकाठ भरतात, कुणाचं भांडं रिकामं दिसत नाही, पण जीभ काही फसत नाही. प्रकाश म्हणजे ताक आणि आयएसओ म्हणजे ते पाणी. फोटोत जे वाळूसारखे दाणे दिसतात, ज्याला फोटोवाले नॉइज म्हणतात, ते म्हणजे तो पातळपणा. मला कितीतरी दिवस वाटायचं की दाणे आयएसओनं आणले. म्हणून एकदा हट्टानं, शटर आणि छिद्र तेच ठेवून आयएसओ ४०० वर बांधून टाकला. फोटो काळाकुट्ट आला. तो संगणकावर उजळवला तर तेच दाणे, उलट जरा जास्तच. पाण्यात दोष नव्हताच. ताकच कमी होतं. प्रकाशाचे कण मुळात थोडे आले की त्यांच्या येण्यातला अनियमितपणा डोळ्यावर येतो, आणि आकडा चढवल्यानं तो फक्त दिसू लागतो. हे कळल्यावर ६४०० ची भीती गेली. तोवर मी ८०० च्या वर जायचं म्हणजे पाप असल्यासारखी वागायचे.

आमच्या घरात या आकड्याचा एक जुना इतिहास आहे. बाबांकडे यशिका होता, चामड्याच्या तपकिरी कव्हरातला. तेव्हा आयएसओ कुणी म्हणत नसे, एएसए म्हणत. अमेरिकेचं एएसए आणि जर्मनांचं डिन अशी दोन मापं होती, ती १९७४ मध्ये एकत्र करून आयएसओ झालं. रोलच्या खोक्यावर १००/२१ असं दोन्ही लिहिलेलं असायचं, ते २१ कशाचे, हा माझा लहानपणचा एक प्रश्न होता. रोल एकदा घातला की छत्तीस फोटो संपेपर्यंत त्याच आकड्याशी संसार. कॅमेऱ्यावरच्या चकतीवर तो आकडा आपण हातानं लावायचा, म्हणजे कॅमेऱ्याला कळतं आत काय आहे. बाबा विसरू नये म्हणून चिकटपट्टीचा तुकडा मागं लावत आणि त्यावर बॉलपेननं आकडा लिहीत. एवढी काळजी घेणारा माणूस १९८६ साली माझ्या भावाच्या मुंजीत चुकला. आत रोल १०० चा आणि चकती आधीच्या रोलच्या ४०० वर. कॅमेऱ्याला वाटलं, आत चौपट चपळ फिल्म आहे, त्यानं चौथाईच उजेड आत सोडला. छत्तीसच्या छत्तीस फोटोंत वाड्याचा चौक ग्रहण लागल्यासारखा. भर सकाळी. बटू कुठला आणि मामा कुठला ते मुंडावळ्यांवरून ओळखायचं. स्टुडिओवाल्यानं ओढूनताणून प्रिंटा काढल्या, त्या मळकट आल्या. आमच्याकडे अजून कुठलाही फोटो अंधारा आला की "मुंजीतला आला" म्हणतात.

बाबांची चूक निदान कुणाची ते कळत होतं. चिकटपट्टीवर त्यांचंच अक्षर होतं.

माझ्याकडे चिकटपट्टी नाही. माझा आकडा दर फोटोला बदलतो आणि तो का बदलला हे मला नंतर, घरी आल्यावर कळतं. सराफ बाजारातून संध्याकाळी चालत जा. दुकानातल्या झगमगाटासमोर ४००, दोन पावलांवर बोळाच्या तोंडाशी ३२००, पुन्हा दिव्याखाली ५००. माझ्या हातात एक घाबरट, तत्पर माणूस असल्यासारखं वाटतं. सारखी माझी सोय बघतोय. आणि सोय बघणाऱ्या माणसाचा जो एक त्रास असतो, तोही आहेच.

नाशिककरांना हा त्रास समजावणं सोपं आहे. गोदावरीला पूर आला की इथं कुणी क्यूसेक विचारत नाही. विचारतात, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला, की डोकं बुडालं. एका मूर्तीवरून अख्खा गाव पुराचा अंदाज बांधतो, आणि तो बरोबर असतो, कारण मारुती जागचा हलत नाही. कॅमेऱ्याच्या पोटातही असाच एक मारुती आहे. मध्यम राखाडी रंग, साधारण अठरा टक्के प्रकाश परत फेकणारा. समोर काहीही असो, सरासरी तिथवर आली पाहिजे, एवढंच त्याला शिकवलेलं. आताचे कॅमेरे चौकटीचे तुकडे करून बराच शहाणा हिशोब करतात, पण मूळ ओढ तीच. काळारामाच्या देवळासमोर उभी राहिले तर त्याला वाटतं, अरे, केवढा अंधार! लगेच आयएसओ चढवून तो काळा पाषाण राखेच्या रंगाचा करून टाकतो, आणि पायरीवर बसलेल्या आजींचं पांढरं लुगडं जळून नुसता उजेडाचा ठिपका उरतो. थंडीत पहाटे घाटावर धुकं असतं, तेव्हा बरोबर उलटं. सगळं पांढरं बघून तो दचकतो, आकडा खाली आणतो आणि धुकं धुरासारखं मळकं करतो. काळ्याला काळं राहू द्यायचं नाही, पांढऱ्याला पांढरं. सगळ्यांनी मधे यायचं.

त्यावर उपाय आहे, अधिक-उण्याचं बटण. काळारामापाशी उणे एक, म्हणजे फोटो निम्मा उजळ, धुक्यात अधिक एक, म्हणजे दुप्पट. पण हे बटण वापरायचं तर समोरचं मुळात किती काळं, किती पांढरं असायला हवं, ते आपल्याला ठाऊक असावं लागतं. म्हणजे फिरून बघणं आलंच.

हे मला सगळ्यात नीट कळलं ते नांदूरमधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात. जानेवारीतली सकाळ, पुढ्यात पाणकणसांचं दाट रान, हातात उसनी आणलेली लांब लेन्स. पक्ष्यांसाठी माझी युक्ती ठरलेली, शटर १/१६००, छिद्र पूर्ण उघडं, दोन्ही हातानं ठरवायचं आणि आयएसओ त्याच्यावर सोडायचा. ऑटो आयएसओचा याहून चांगला उपयोग नाही, असं माझं अजूनही मत आहे. पाणकणसांच्या अंधाऱ्या भिंतीसमोरून एक मोरशराटी उडाला. आयएसओ १६००, पंखावरची हिरवी-जांभळी झाक सुद्धा पकडली. पक्षी वर चढला, मागं आभाळ आलं, आणि पुढच्या सगळ्या फोटोंत मोरशराटीच्या जागी काजळाचा डाग. आयएसओ ४००. मी तिथंच मागच्या पडद्यावर बघून चरफडत होते, तर आमच्याबरोबर आलेला निफाडकडचा गाइड, विशीतला पोरगा, दुर्बिणीतून नजर न काढता म्हणाला, "मॅडम, मागचं आभाळ बदललं. पक्ष्यावरचं ऊन बदललं का?" नव्हतं बदललं. तेच ऊन, तोच पक्षी. कॅमेरा वस्तूवर पडणारा उजेड मोजतच नाही. वस्तूवरून आणि तिच्या आजूबाजूवरून परत येणारा मोजतो. त्या दिवशी उरलेल्या सकाळी मी आयएसओ ८०० वर बांधला आणि सगळे पक्षी एकसारखे आले. काही ओळखू आले नाहीत तो भाग वेगळा.

बाकी फजित्या लहान. सोमेश्वरच्या धबधब्यावर पाणी रेशमासारखं यावं म्हणून शटर हळू करायला गेले, तर फोटो पांढरेफटक. आदल्या दिवशी हातानं ८०० ठेवून विसरले होते, आणि माझ्या कॅमेऱ्यात आपण हातानं ठेवलेला आकडा हीच ऑटोची जमीन ठरते, तो त्याच्या खाली उतरत नाही. आणि त्रिपुरी पौर्णिमेला घाटावर दिव्यांचे फोटो काढायला मोठ्या थाटात तिकाटणं घेऊन गेले. दोन तास मान मोडून काढलेल्या सगळ्या फोटोंत दाणे. शेजारचा एक दाढीवाला मुलगा माझी धडपड बघत होता. "काकू, ट्रायपॉडवर आहे ना, मग ऑटो आयएसओ बंद करा की. त्याला काय माहीत तुम्ही हातात नाही धरलेला." पुन्हा काकू. पण पोरगं बरोबर बोललं. मला पाच सेकंद थांबायची तयारी होती, हे कॅमेऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तो बिचारा माझा हात थरथरेल म्हणून जीव तोडून ६४०० वर उभा.

तर हे सगळं ठाऊक असताना आत्याच्या माजघरात मी ते अधिक-उण्याचं बटण दाबलं नव्हतं. का, हे मी दोन आठवडे स्वतःला विचारत राहिले. काळारामाचा दगड काळा असायला हवा हे मला सुचतं, आणि ज्या अंधारात मी लहानपणी मे महिन्यातल्या कितीतरी दुपारी झोपले, तो अंधार असायला हवा हे सुचू नये?

त्या अंधाराला एक वास होता. शेणानं सारवलेली जमीन पुढं गेली, शहाबादी फरशी आली, तरी वास राहिला. चुना, राॅकेल, लोणच्याच्या बरण्यांचं फडकं, आणि कुठंतरी खोल भिजलेलं लाकूड. बाहेर तांबट आळीकडून ठोक्यांचा आवाज यायचा, ठण्ण ठण्ण, आणि आत येईपर्यंत तो उशीतून आल्यासारखा व्हायचा. दिंडी दरवाजातून आत आलं की उजेडाचे टप्पे होते. चौकात ऊन, ओसरीवर सावलीतला उजेड, आणि उंबरा ओलांडून माजघरात पाय टाकला की आंधळं व्हायला व्हायचं. आम्ही मुलं मुद्दाम उंबऱ्यात थांबून "आता दिसतंय, आता दिसतंय" असा खेळ खेळायचो. आधी आत्याच्या हातातल्या कापसाचा पांढरा गोळा दिसायचा, मग बांगड्या, मग खांब, सगळ्यात शेवटी आत्या. डोळ्यांचाही ऑटो आयएसओच तो, फक्त संथ. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना जवळजवळ अर्धा तास लागतो, आणि सरावतात तेव्हाही रंग आणत नाहीत. अंधारात ज्या पेशी कामाला येतात त्यांना रंग कळत नाही. म्हणून माझ्या आठवणीतलं माजघर करड्या रंगाचं आहे. भिंती करड्या, आत्याचं लुगडं करडं.

फोटोत भिंत निळी होती.

हे मी आधी सांगायला हवं होतं, पण त्या दोन आठवड्यांत मला ते नीट जाणवलंच नव्हतं. दाण्यांमधून, कोनाड्याच्या बाजूनं, अगदी स्वच्छ फिकट निळी. मला वाटलं, कॅमेऱ्याचा रंगाचा अंदाज चुकला असेल, पावसाळी उजेडात होतं तसं. आत्याचं लुगडं हिरवं आलं होतं, तेही मी असंच सोडून दिलं. माझा निकाल आधीच लागला होता. कॅमेऱ्यानं खोटं बोलून ठेवलंय आणि आत्यानं ते एका वाक्यात पकडलंय. आता मी जाऊन खरा फोटो काढणार.

दर पावसाळ्यात गावातल्या जुन्या वाड्यांना धोकादायक म्हणून नोटिसा लागतात, तशी आमच्याही दिंडीवर लागली होती, म्हणून घाई होती. पुन्हा ढगाळ दुपार बघून गेले. या वेळी लाइट होती. मी आत गेल्या गेल्या माजघरातला दिवा बंद केला. "लाइट असून का घालवलीस?" आत्या म्हणाली. "फोटोसाठी." "फोटोसाठी लाइट लावतात," ती म्हणाली, पण बसली खांबाला टेकून. कापूस घेतला, दुधाची वाटी घेतली. मी बटण उणे दोनवर आणलं. चौकटीत बघितलं तर आयएसओ १६०० वर उतरलेला, शटर तेच, छिद्र तेच. आणि पडद्यावर माझं माजघर उमटलं. चौकाकडून येणारी उजेडाची एक तिरीप, त्यात आत्याची बोटं आणि कापूस, गालाची एक कड, आणि बाकी सगळं अंधारात विरघळलेलं. भिंत नाही, कोनाडा नाही. अगदी उंबऱ्यातून दिसायचं तसं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे कबूल करते.

प्रिंट काढायला दिली तर लॅबमधला मुलगा म्हणाला, "मॅडम, थोडा ब्राइट करून देऊ का? फारच डार्क आलाय." मी म्हटलं, तसाच द्या. त्यानं खांदे उडवले. प्रत्येकाच्या पोटात एकेक दुतोंड्या मारुती बसवलेला असतो, असं मला वाटलं आणि त्या विचाराचं मला फार कौतुकही वाटलं. मोठी प्रिंट काढली, बारा बाय अठरा. पहिलीही त्याच मापाची काढून घेतली, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून आत्याला फरक दाखवावा म्हणून.

श्रावणातला सोमवार होता. आत्या उपासाची. दोन्ही फोटो तिच्या पुढ्यात सतरंजीवर मांडले. अंधारा तिनं उचलला, चष्मा वर केला, खाली केला, उठून चौकाच्या दारापर्यंत जाऊन बघितला. परत आली.

"हा दादानं काढल्यासारखा आलाय."

मला कळेना.

"मुंजीतला गं," ती म्हणाली, आणि हसायलाच लागली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. "तुझ्या बापाचा हात आहे हो तुझ्यावर." मी मनात हिशोब केला. शंभरचा रोल, चारशेची चकती, चौथाई उजेड. माझं उणे दोन म्हणजे फोटोत चौथाई उजळपणा. बरोब्बर तेवढाच. बाबांनी चुकून केलं ते मी ठरवून केलं होतं, एवढाच काय तो फरक, आणि आत्याच्या लेखी तोही नव्हता.

"पण आत्या, तूच म्हणालीस ना, एवढा उजेड कुठं होता म्हणून?"

"म्हणजे काय? नव्हताच." तिनं उजळ फोटो ओढून मांडीवर घेतला आणि भिंतीवर बोट ठेवलं. "ही नीळ बघ. दादाच्या लग्नात चुन्यात मी कालवली होती, माझ्या हातानं. सगळे म्हणाले, माजघरात कशाला निळीचे लाड, कोण बघतंय. मलाही पुन्हा कधी दिसली नाही. तुझ्या त्या फोटोत दिसली." मग लुगड्यावर बोट नेलं. "आणि हे हिरवंच आहे. तुला काय वाटलं?"

मी गप्प. ती फोटोतल्या स्वतःच्या हाताकडे बघत होती.

"सुई ओवायची तर चौकात जावं लागायचं मला," ती म्हणाली. "चाळीस वर्षं. ओसरीवर पुरुष पेपर वाचत असायचे, त्यांच्यापुढून जायचं, दोरा ओवायचा, परत यायचं." तक्रारीच्या सुरात नाही. दुधाचा भाव सांगावा तसं.

मला त्या अंधाराचा वास आठवत होता, उंबऱ्यातला खेळ आठवत होता. तिला सुई आठवत होती. मग ती उठली, उशी उचलली, आणि तिच्याखालून तो पहिला, लहान फोटो काढला. कडा वळल्या होत्या, मधे आडवी घडी पडली होती. रोज बघितल्यासारखा दिसत होता तो. "हा आता तू ने. मला मोठा आहे," म्हणाली.

मी माजघरात खिळ्याची जागा शोधायला लागले. कोनाड्याच्या वर एक जुनी खुंटी होती, तिथं धरून दाखवला. आत्यानं उंबऱ्यात उभं राहून बघितलं आणि मान हलवली. तिथून भिंतीवर नुसता एक फिकट चौकोन दिसत होता.

"इथं नको. इथं कुणाला दिसणार? ओसरीवर लाव."

ओसरीवर पणजोबा आहेत, आजोबा आहेत, धाकटे चुलत आजोबा आहेत आणि शेवटी बाबा. चौघेही हारात. मी म्हटलं, "अगं, तिथं सगळे गेलेले आहेत."

"मग मी काय इथंच राहणारे?" असं म्हणून तिनं हातोडी आणून दिली. अंधारा फोटो तिनं फुकट घालवला नाही. तो वातींच्या मोठ्या डब्यात तळाशी उलटा अंथरला, म्हणजे गुळगुळीत बाजूला कापूस चिकटत नाही. मी स्टुलावर चढले, बाबांच्या शेजारी खिळा ठोकला, चुन्याचा एक पापुद्रा पायाशी पडला. फोटो अडकवून मागं वळले तर आत्या चौकात, पागोळ्यांच्या अलीकडे उभी राहून, डोळ्यांवर हात धरून बघत होती.

"थोडा वर घे," म्हणाली. "आणि डावीकडे. तिथं ऊन येतं."